नारळ महागला, तरी जास्त का खपला?

गणपतीची सुट्टी संपून कॉलेजं पुन्हा भरली आणि पहिल्या चाचणीचे मार्क हातात पडले, की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या महिन्यातली पाच पत्रं कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राबद्दल आहेत. एकतीस वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात हाच वर्ग शिकवला, त्यामुळे या वेळी दुसरं काही घेत नाही. सगळी जागा या पाच जणांना.

*

बाई, मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बारावीला अर्थशास्त्रात 82 मार्क होते. आता एफ.वाय.च्या पहिल्या चाचणीत 20 पैकी 7 मिळाले. मी रोज अडीच तास गाइड वाचते, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा रंग मारते. वाचताना सगळं समजतं. पेपरात प्रश्न होता, ‘गणेशोत्सवात नारळाची किंमत वाढते आणि विक्रीही वाढते. म्हणजे मागणीचा नियम खोटा ठरतो का?’ मी नियम लिहिला, गृहीतकं लिहिली, अपवाद लिहिले आणि नारळ हा अपवाद आहे असं लिहिलं. त्या उत्तराला शून्य मिळालं. कॉलेजला एसटीने सव्वा तास लागतो, वेळही पुरत नाही. हा विषय मला जमणार नाही का?
— एक विद्यार्थिनी, देवगड तालुका

जमणार. आधी ते शून्य बघू या, कारण तुझ्या अभ्यासाचं सगळं दुखणं त्या एका उत्तरात आहे.

पेन्सिल घे आणि माझं वाचता वाचता तू काढत जा. आडव्या अक्षावर नारळांची संख्या, उभ्या अक्षावर एका नारळाची किंमत. मागणीची रेघ डावीकडून उजवीकडे उतरणारी: किंमत वाढली की माणसं कमी घेतात, हाच मागणीचा नियम. पुरवठ्याची रेघ चढणारी. समजा, आषाढात तुमच्या बाजारात नारळ 25 रुपयांना आहे आणि दिवसाला 60 नारळ जातात. दोन रेघा छेदतात तिथे ठिपका दे. हा झाला समतोल.

आता गणपती आले. पूजेला नारळ, मोदकाच्या सारणाला नारळ, ऋषीच्या भाजीत खोबरं, शेजारच्या गणपतीपुढे ठेवायला आणखी एक. इथे मी वर्गात खडू खाली ठेवायची आणि विचारायची, ‘काय सरकलं?’ नारळाची किंमत आधी बदलली आणि म्हणून माणसं जास्त नारळ घ्यायला लागली, असं झालं का? तसं नाही झालं. किंमत होती तिथेच होती, सण आला. 25 रुपयांना आधी जेवढे नारळ हवे होते त्याहून किती तरी जास्त आता हवेत. 30 रुपयांनाही जास्त हवेत, 35 लाही. प्रत्येक किमतीला जास्त हवेत, म्हणजे मागणीची अख्खी रेघ उजवीकडे सरकली. जुन्या रेघेच्या उजवीकडे तिला समांतर दुसरी रेघ काढ.

पुढचं पाऊल बहुतेक मुलं गाळतात, म्हणून इथे जरा थांब. नव्या रेघेवर 25 रुपयांच्या समोर बोट ठेव. समजा तिथे 200 नारळ आहेत. पण 25 रुपयांना विकायला दुकानदाराकडे साठच आहेत. 140 नारळांची तूट. दुपारपर्यंत माल संपतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार भाव वाढवतो. भाव चढतो तसे दोन बदल एकदम होतात. ज्यांनी नारळ झाडावर ठेवले होते ते पाडेकऱ्याला बोलावतात, बाहेरचा माल यायला लागतो आणि पुरवठा आपल्या रेघेवरून वर चढतो. दुसरीकडे, पाच नारळ घेणारी बाई तीनवर येते. 35 रुपयांना दोन्ही बाजू जुळतात, समजा 150 नारळांवर.

आता नीट बघ. 200 चे 150 झाले, ते कशामुळे? किंमत वाढली म्हणून. मागणीचा नियम तुला इथे सापडतो. तो खोटा ठरलेला नाही, नव्या रेघेवर तो आपलं काम चोख करतो आहे. तू 60 आणि 150 हे दोन ठिपके पाहिलेस आणि ते एकाच रेघेवरचे समजलीस. ते दोन वेगळ्या रेघांवरचे आहेत. पुस्तकात अख्खी रेघ उजवीकडे सरकण्याला ‘मागणीतील वाढ’ आणि किमतीमुळे त्याच रेघेवर खाली-वर होण्याला ‘मागणीचा विस्तार किंवा संकोच’ असे वेगळे शब्द आहेत. तुझ्या गाइडमध्येही ते असणार आणि त्यावर पिवळा रंगही असणार.

गाइड चूक आहे असं मी म्हणत नाही. पण वाचताना समजणं आणि कोऱ्या कागदावर उतरवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेपरात दुसरीच लागते. पाचव्यांदा वाचलेली ओळ ओळखीची वाटते. त्या ओळखीलाच आपण समज म्हणतो. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला होता. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी चाचणी काही पाच मिनिटांनी नव्हती.

माझं स्वतःचं सांगते. माहेर श्रीवर्धनचं, घरची सुपारीची वाडी. 1978 साली मी पहिल्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजात नोट्स डिक्टेट करायची पद्धत होती, तासभर मान खाली घालून उतरवायचं. रॉबिन्सने केलेली अर्थशास्त्राची व्याख्या मला स्वल्पविरामासकट पाठ होती आणि मार्कही चांगले पडत. दिवाळीत घरी गेले. बाबा ओटीवर सोललेल्या सुपाऱ्या निवडत होते. हातातली सुपारी फिरवत त्यांनी मला विचारलं, ‘या वर्षी भाव का पडला असेल गं? तुमच्या पुस्तकात असेल ना.’ अगदी मनापासून विचारलं, माझ्यावर विश्वास ठेवून. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. दोन्ही रेघा मला येत होत्या, पण त्या आमच्या वाडीतल्या सुपारीलाही लागू पडतात हे कुणी कधी म्हटलंच नव्हतं. बाबांनी तो प्रश्न मला पुन्हा विचारला नाही. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा पहिल्या तासाला फळ्यावर व्याख्या लिहायची नाही, एवढं मात्र मनाशी पक्कं होतं.

तर आता तू काय करायचं? दोनशे पानी वही घे. रोज एक पान. तारखेखाली बाजारातली, घरातली, वर्तमानपत्रातली एक घटना एका वाक्यात लिही. ‘डिझेल महागलं, सुरमईचं काय होईल?’ ‘कलिंगड स्वस्त झालं, शहाळ्याचं काय होईल?’ त्याखाली चारच ओळी: काय सरकलं, मागणी की पुरवठा, कुठल्या बाजूला, आणि किमतीचं व नगांचं काय झालं. शेवटी आकृती. अक्षांना नावं, जुन्या-नव्या रेघांना नावं, सरकल्याची दिशा दाखवणारा बाण. दहा मिनिटांचं काम आहे. महिन्याभराने तीस आकृत्या तुझ्या हाताखालून गेलेल्या असतील.

एक अवघड पान मीच देते. दीप अमावास्या जुलैत आली होती असं एखादं वर्ष घे आणि आषाढ संपता संपता, तिच्या आधीच्या दिवसांतला मासळीबाजार आठव. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणून माल तुटपुंजा. आणि श्रावण लागायच्या आत खाऊन घेणाऱ्यांची झुंबड. भाव कुठे जातो ते तुला माहीत आहे. पंधरा-वीस दिवसांनी तोच बाजार बघ. बंदी उठली, बोटी बाहेर पडल्या, पुरवठा उजवीकडे. कित्येक घरांत श्रावण पाळतात, मागणी डावीकडे. दोन्ही बदल किमतीला खालीच ओढतात, तेव्हा भाव उतरणार हे ठामपणे लिहायचं. पण मासळी जास्त खपेल की कमी? पुरवठा वाढल्याने नग वाढतात, मागणी घटल्याने कमी होतात. यातलं कोण जास्त सरकलं ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि परीक्षेत हेच उत्तर बरोबर असतं. ‘सांगता येत नाही, कारण…’ असं लिहायला मुलं घाबरतात. कारण लिहिलंस तर घाबरू नकोस. दोन आकृत्या काढून बघ, एकदा मागणी जास्त सरकवून आणि एकदा पुरवठा. तुझं तुलाच दिसेल.

वेळेचं म्हणशील तर अडीच तास वाचायची गरज नाही. तास झाला त्या संध्याकाळी वीस मिनिटं कोरा कागद, पुस्तक मिटलेलं, त्या दिवशी शिकवलेलं जेवढं आठवेल तेवढं लिहायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल शाईने भरायचं. तीन दिवसांनी परत, आठवड्याने परत. लाल शाई कमी होत गेली की समजायचं मुरतंय. घाटवळणाच्या एसटीत वाचू नकोस, डोकं धरेल. खिडकीतून एक वस्तू निवड, आंब्याचं कलम, वीटभट्टी, वडापावची गाडी, आणि मनातल्या मनात तिच्या रेघा सरकव. सव्वा तास जाताना आणि सव्वा तास येताना, एवढा वेळ शहरातल्या मुलांनाही मिळत नाही.

आणि तो शून्याचा पेपर घेऊन तुझ्या सरांना किंवा मॅडमना भेट. ‘मला समजत नाही’ असं सांगायला जाऊ नकोस, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. नारळाची आकृती काढून ने आणि विचार, ‘200 वरून 150 वर आले तो टप्पा मी बरोबर दाखवलाय का?’ असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवणारा शिक्षक मी तरी पाहिलेला नाही.

*

मी एफ.वाय.बी.कॉम.ला आहे. दहावीत गणितात काठावर पास झालो. लवचिकतेच्या धड्यात टक्केवारी आणि सूत्रं आली की डोळ्यांपुढे अंधारी येते. गणिताशिवाय अर्थशास्त्र पास होता येईल का?
— चिपळूण

गणिताशिवाय होणार नाही, पण लागतं ते गणित सातवीचं आहे: टक्केवारी, त्रैराशिक आणि आलेख वाचणं. एक उदाहरण आत्ताच करू. सूत्र शेवटी येईल, आधी गोष्ट.

गणपतीपुळ्याला कोकम सरबताचा स्टॉल आहे असं समज. ग्लास 20 रुपये असताना दिवसाला 100 ग्लास जातात. मालकाने 25 रुपये केले, तर 80 जायला लागले. गल्ल्यात आधी किती? 20 गुणिले 100, 2000 रुपये. आता 25 गुणिले 80, पुन्हा 2000. भाव वाढवून गल्ला ना वाढला ना घटला. हे लक्षात ठेव.

आता टक्केवारी. किंमत 20 वर 5 ने वाढली, म्हणजे 25 टक्के. खप 100 वरून 20 ने घटला, म्हणजे 20 टक्के. खपातला बदल भागिले किमतीतला बदल, 20 भागिले 25, उत्तर 0.8. हीच लवचिकता. ती एकाहून कमी, म्हणून भाव वाढवल्यावर गल्ला वाढायला हवा होता. पण तो वाढलेला नाही! आता उलट दिशेने कर. 25 वरून 20 वर आलो, किंमत 20 टक्क्यांनी उतरली. खप 80 वरून 100 झाला, 25 टक्क्यांनी वाढला. उत्तर 1.25. तोच स्टॉल, तेच ग्लास, आणि जाताना एक उत्तर, येताना दुसरं.

याचं कारण एवढंच, की आपण दर वेळी वेगळ्या आकड्याने भागतोय. म्हणून मधला आकडा घ्यायचा. किमतींचा मध्य 22.50, खपाचा मध्य 90. 5 भागिले 22.50 म्हणजे सुमारे 22.2 टक्के. 20 भागिले 90, तेही 22.2 टक्के. लवचिकता बरोबर 1. आणि लवचिकता 1 असली की गल्ला बदलत नाही, जे आपण पहिल्याच ओळीत पाहिलं होतं. पुस्तकात या मधल्या आकड्याच्या पद्धतीला कंस लवचिकता म्हणतात. हे सूत्र पाठ करणाऱ्याला तो मध्य का घेतात ते माहीत नसतं. तुला आता माहीत आहे.

हेच उदाहरण वेगळे आकडे घेऊन चार वेळा कर. प्रत्येक वेळी आधी गल्ला काढ, उत्तराचा अंदाज बांध, मग टक्केवारी कर. अंधारी येते ती सूत्र गोष्टीच्या आधी आल्यामुळे.

*

माझं उलट आहे. बारावी सायन्स करून मी अर्थशास्त्राला आलो. समीकरणं चटकन सुटतात, पण लेखी उत्तरात मार्क जातात. ‘स्पष्टीकरण अपुरं’ असा शेरा असतो. शिवाय किंमत उभ्या अक्षावर का घेतात? ज्यामुळे बदल होतो ती राशी आडव्या अक्षावर घ्यायला आम्हाला शिकवलं आहे.
— रत्नागिरी

अक्षाबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे. किंमत उभ्या अक्षावर घ्यायची वहिवाट अर्थशास्त्रात रुळली ती केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शलमुळे. 1890 साली आलेला त्याचा ग्रंथ पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला, आणि त्याची मांडणी सगळ्यांनी उचलली. ती वहिवाट म्हणूनच स्वीकार, भांडू नकोस.

पण हाच मार्शल तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. तो मुळात गणिताचाच विद्यार्थी, 1865 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला. 1906 साली बोली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली रीत सांगितली आहे. गणित लघुलिपीसारखं वापरायचं, काम पुरं होईपर्यंत सोडायचं नाही, मग ते साध्या भाषेत उतरवायचं, प्रत्यक्ष आयुष्यातली महत्त्वाची उदाहरणं द्यायची आणि गणित जाळून टाकायचं. तू पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतोस.

तेव्हा समीकरण सुटलं की त्याखाली तीन वाक्यं लिहायची: कोणी काय केलं, का केलं, त्यामुळे पुढे काय झालं. वाक्यात माणूस हवा. हापूस घे. मे महिन्यात झाडावर तयार झालेला आंबा बागायतदाराला थांबवता येत नाही. भाव पडला तरी आज काढलेला माल येत्या काही दिवसांत वाशीला, नाक्यावर किंवा कॅनिंगला द्यावाच लागतो. म्हणून त्या दिवसापुरता पुरवठा जवळजवळ उभी रेघ. पुढच्या मोसमात मालक खत-फवारणीचा खर्च भावाकडे बघून कमी-जास्त करू शकतो, रेघ थोडी कलते. आणि नवी कलमं लावायची म्हटली, तर भरवशाचं पीक यायला पाचेक वर्षं तरी जातात. 1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना राज्यात आली, तेव्हा कोकणात आंबा-काजूची कलमं मोठ्या प्रमाणावर लागली, पण ती बाजारात दिसायला वाट बघावी लागली. मार्शलने ‘काळ’ या गोष्टीला एवढं महत्त्व दिलं ते याच कारणाने. तुझ्या समीकरणातला पुरवठ्याचा सहगुणक म्हणजे हा थांबू न शकणारा बागायतदार आहे. त्याला उत्तरात आण, शेरा बदलेल.

*

कॉलेजात निम्मं इंग्रजीत शिकवतात, पुस्तक मराठी. दोन्ही अर्धवट राहतं. कुठली भाषा धरू?
— गुहागर

परीक्षा ज्या भाषेत देणार ती लिहायला, विचार करायला मराठी, आणि शब्द दोन्ही. वहीच्या शेवटच्या चार पानांवर दोन रकाने आख. अपॉर्च्युनिटी कॉस्ट: वैकल्पिक खर्च किंवा संधी खर्च. मार्जिनल: सीमांत. शॉर्टेज: तूट किंवा टंचाई. समोर प्रत्येक शब्दाचं गावातलं उदाहरण एका ओळीत. साठ-सत्तर शब्दांत पहिलं सत्र निघतं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेबांनी 1920 साली मराठीत पाक्षिक काढलं आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्ही भाषांत तोच स्वच्छ विचार. मराठीतून शिकलो म्हणून मागे राहिलो, हे मनातून काढ.

*

बाई, मी मालवणचा. छोटी यांत्रिक होडी आहे. शिक्षण सातवीपर्यंत. मुलगी कॉलेजात पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र घेऊन बसली आहे. रात्री पुस्तकासमोर बसून रडते, मला बघवत नाही. तिची आई म्हणते शिकवणी लावू, पण आमच्याकडे या विषयाची शिकवणी नाही. माका त्यातला काय कळता? मी तिला काय मदत करणार?
— एक बाप

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगी रडते म्हणून ज्याला झोप येत नाही असा बाप घरात आहे, ही तिची पहिली मदत झाली. दुसरी मदत म्हणजे, तुम्हाला जे कळतं ते तिच्या पुस्तकातले दोन धडे आहेत, आणि ते तुम्ही रोज पहाटे वापरता.

असं बघा. होडी बाहेर काढायची की नाही, हे तुम्ही कसं ठरवता? समजा एका फेरीला डिझेल, बर्फ, शिधा मिळून 9000 रुपये लागतात. खलाशांच्या वाटणीचा हिशोब तूर्त बाजूला ठेवू. बँकेचा हप्ता वेगळा, तो होडी बाहेर काढा नाही तर किनाऱ्यावर ठेवा, भरावाच लागतो. तुमचा अंदाज आहे की आज 11000 ची मासळी मिळेल. हप्ता धरून हिशोब केला तर फेरी तोट्यात दिसते. तरी तुम्ही जाता. का? कारण गेलात तर 9000 निघून वरचे 2000 हप्त्याला लागतात. घरी बसलात तर हप्ता सगळाच्या सगळा खिशातून. आणि जाळ्यात 7000 चीच मासळी येणार असा वारा असेल, तर तुम्ही जात नाही, कारण तेव्हा हप्ता तर जातोच, वर डिझेलचे 2000 ही बुडतात.

हप्त्याला तिच्या पुस्तकात स्थिर खर्च म्हणतात, डिझेल-बर्फाला बदलता खर्च. आणि तुम्ही पहाटे जो निर्णय घेता, त्यावर ‘उत्पादन केव्हा थांबवावं’ असा अख्खा भाग आहे. मुलं त्यावर अडखळतात, कारण तोट्यातही धंदा चालू ठेवणं शहाणपणाचं असू शकतं हे त्यांना पटत नाही. तुमच्या घरात ते पटवायला पुस्तक लागणार नाही.

मग करायचं असं. रात्री जेवणं झाली की वीस मिनिटं ती तुम्हाला शिकवेल. पुस्तक मिटून, जाळी विणताना शेजारी बसून चालेल. तुम्ही तीनच प्रश्न विचारायचे: ‘म्हणजे काय?’, ‘असं का?’ आणि ‘आपल्या होडीत हे कुठे दिसतं?’ तुम्हाला कळलं नाही तर तसं सांगायचं, उगाच मान हलवायची नाही. जिथे ती अडते तिथे तिचा धडा कच्चा आहे, आणि ते तिला परीक्षेच्या आधी तुमच्यासमोर कळेल. ज्याला सातवीनंतरचं काही शिकवलेलं नाही अशा माणसाला समजावता येणं, याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

वैकल्पिक खर्चाचाही एक प्रश्न आहे तुमच्यापाशी. पर्यटक किल्ल्यावर जायला होडी मागतात त्या दिवशी तुम्ही मासेमारीला गेलात, तर मासेमारीचा खरा खर्च किती? डिझेल, बर्फ, आणि शिवाय पर्यटकांच्या फेरीचा खर्च जाऊन हाती राहिले असते ते पैसे. ते खिशातून गेलेले दिसत नाहीत, म्हणून मुलं विसरतात. तुम्ही विसरत नाही. ती मोजणी कशी करता ते तिला मोठ्याने बोलून दाखवा.

आणि एक कळकळीचं मागणं तिच्या आईकडे. मुलगी घरात असली की पाणी, भांडी, धाकट्याचा अभ्यास, दारात आलेल्या माणसाचा चहा, सगळं तिच्यावर येतं. मी अशा मुली एकतीस वर्षं बाकांवर बघितल्या आहेत, हुशार, आणि पहिल्या तासाला दमलेल्या. दिवसातला एक तास फक्त तिचा असू द्या. त्या तासात तिला हाक मारायची नाही. शिकवणीचे पैसे वाचलेच आहेत, त्यातून एक आलेखवही, मोजपट्टी आणि दोन चांगल्या पेन्सिली आणा.

रडणं पहिल्या सत्रात येतं. या विषयात सुरुवातीचे दोन महिने काहीच हाती लागत नाही, आणि मग एका आठवड्यात चार धडे एकदम जुळतात. तोवर तिला धीर द्यायचा आहे, आणि आजची सुरुवात या प्रश्नाने करा: जून-जुलैत बंदीमुळे होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, डिझेलचा रुपया लागत नाही, एक मासा येत नाही, पण बँकेचा हप्ता चालूच असतो. त्या दोन महिन्यांचा आपला एकूण खर्च किती, स्थिर किती आणि बदलता किती? कागद तिच्या हातात द्या, आकडे तुम्ही सांगा.